बंद यंत्र गरम होत नाही

माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला मी तोंडावर 'भाऊजी' म्हणतो, अहो-जाहो करतो आणि तो दुकानात आला की खुर्ची फडक्याने पुसून पुढे करतो. नात्याने द्यावा लागणारा मान मी चौतीस वर्षं बिनचूक दिलेला आहे. लिहितानासुद्धा तो द्यायची सक्ती अजून तरी कुणी केलेली नाही. म्हणून इथे तो 'तो' आहे. ज्यांना हे खटकेल त्यांनी आधी पुढचं वाचावं आणि मग मला शिव्या द्याव्यात.

तो कागदाच्या गिरणीत टाइमकीपर होता. फाटकाजवळ एक खिडकी, खिडकीत हा, याच्या डोक्यावर ठोके देणारं मोठं लाकडी घड्याळ आणि पुढ्यात हजेरीची वही. कामगार यायचा, बिल्ला दाखवायचा, हा वर बघून वेळ लिहायचा. झालं काम. एखाद्या माकडाला बसवलं असतं तर चार महिन्यांत शिकलं असतं. फरक एवढाच की माकडाने फाटकातून येणाऱ्या-जाणाऱ्यांचं बोलणं ऐकून साहेबाच्या कानात ओतलं नसतं.

याने एकतीस वर्षं तेच केलं. माणसं फाटकाशी घुटमळतात, विडी-सिगारेट विझवतात, दोन शब्द बोलतात. कोण दुसरीकडे नोकरी बघतोय, कोणी तापाचं निमित्त करून लग्न गाठलं, फोरमनला कोण काय म्हणालं, हे सगळं खिडकीतून आत जायचं आणि जेवणाच्या सुट्टीत साहेबाच्या टेबलावर पोचायचं. त्यातून याला काय मिळालं? बढती नाही. साधी खुर्चीसुद्धा बदलून मिळाली नाही. साहेब फक्त म्हणायचा, "तुमच्यापासून काही लपत नाही बुवा." तेवढ्यावर हा फुगायचा. गिरणीत त्याला सगळे 'कानोसा' म्हणत. त्याला ते ठाऊक होतं आणि, सांगायला मला लाज वाटते, ते नाव त्याला आवडायचं.

तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाला. निरोपाच्या समारंभाला मी गेलो होतो. साहेब म्हणाला, "यांच्यामुळे या कंपनीत कधीही काही लपून राहिलं नाही." टाळ्या साहेबाने वाजवल्या आणि ताईने. बाकीचे साठ-सत्तर जण पेढ्याचे खोके किती दूर आहेत ते बघत होते. फाटकावर आता बोटाचा ठसा घेणारं यंत्र बसणार होतं, त्यामुळे ते जुनं घड्याळ भंगारातच जायचं. ते याच्या गळ्यात मारलं. याने ते दोन्ही हातांनी छातीशी धरून घरी आणलं, बाहेरच्या खोलीत लावलं आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगायला लागला, "कंपनीने सन्मानाने दिलंय." रविवारी किल्ली द्यायची, रविवारीच पुसायचं. त्या घड्याळाची जेवढी निगा राखली तेवढी ताईची राखली असती तर हे लिहायची वेळ आली नसती.

निवृत्त झाल्यावर तो सुकायला लागला. खिडकी गेली, बातमी गेली. त्याला आपणहून कोण काय सांगणार? घरी बोलायचं तर ताई आहे, पण तिला काही विचारून ऐकणं त्याला कधी जमलंच नाही. विचारून कळलेल्या गोष्टीत त्याला चव लागत नाही. चोरून कळली तर ती खरी.

आता आमच्या घराण्याच्या मूर्खपणाबद्दल सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं घडलंच नसतं. आमच्याकडे नवा फोन आला की तो आधी भाऊजींकडे जातो. "सेटिंग करून द्या." घरात पुस्तिका पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचणारा तो एकटाच, म्हणून ही प्रथा पडली. चष्मा नाकाच्या टोकावर ठेवून तो दिवसभर फोन घेऊन बसतो आणि संध्याकाळी परत देताना म्हणतो, "आता बिनधास्त वापर." भाच्याने परदेशातून आईसाठी फोन पाठवला, तोही असाच याच्या हातून ताईच्या हातात आला. माझा फोनसुद्धा यानेच 'सेट' केलेला. मी मोटारी वाइंड करतो, पंपाच्या, पंख्यांच्या, मिक्सरच्या. तांब्याच्या तारेचे वेढे मोजण्यात माझं आयुष्य गेलं, पण फोनची पुस्तिका वाचायचा कंटाळा आला आणि आयता फुकटचा माणूस होता. फुकट ते पौष्टिक.

ताईचा फोन स्वयंपाकघरात राहायचा. फळीवर, मिठाच्या बरणीला टेकवून उभा. त्यावर ती गाणी लावायची आणि त्यावरूनच नर्सबाईशी बोलायची. नर्सबाई म्हणजे समोरच्या इमारतीत राहणारी ताईची मैत्रीण. सरकारी दवाखान्यातून हेडनर्स म्हणून निवृत्त झालेली, नवरा लवकर गेलेला, मुलगी लग्न होऊन दुसऱ्या शहरात. तीस वर्षांची मैत्री. दोघी दुपारी चारला चहा घ्यायच्या, आणि वेगळं झाल्यावर पंधरा मिनिटांनी पुन्हा फोनवर बोलायच्या. इतकं काय बोलायचं असतं, हे मला कधी कळलं नाही. ताई अशी बोलकी की समोर कोणी नसलं तर भांड्यांशी बोलायची. "तू का गं करपलीस?" असं कढईला विचारायची.

नऊ महिन्यांपूर्वी ताईला काखेजवळ गाठ लागली. तिने ते फक्त नर्सबाईला सांगितलं. नवऱ्याला नाही, कारण त्याच्या कानावर गेलं की सगळ्या गल्लीला कळणार. मला नाही, कारण मी रडवेला होतो, हे तिला माहीत आहे. नर्सबाई तिला घेऊन दवाखान्यात गेली, सुई घालून तुकडा काढला, रिपोर्ट यायला वेळ लागला. रिपोर्ट चांगला आला. त्या रविवारी मी बायकोला घेऊन ताईकडे जेवायला गेलो होतो, शेजारचे दोघे होते. भात वाढून झाल्यावर हा म्हणतो, "चला, गाठ साधी निघाली. सुटलो."

ताईच्या हातातला डाव पातेल्यात पडला. याने इकडेतिकडे बघितलं. गिरणीच्या खिडकीत बसल्यावर जो चेहरा असायचा तोच. "मला काय कळत नाही असं वाटतं का तुम्हाला?"

जगात हे फक्त एका माणसाला माहीत होतं. ताईने दुसऱ्या दिवशी नर्सबाईला दारातच सांगितलं, "तुझ्या पोटात काही राहत नाही, हे मला आज कळलं." नर्सबाई म्हणाली, "मी कुणाला बोलले नाही." ताई म्हणाली, "मग काय भिंतींना कान फुटले?" नर्सबाईने दोन-तीनदा सांगून बघितलं आणि मग सांगायचं सोडून दिलं. चारचा चहा बंद झाला. रस्त्याच्या अलीकडे एक, पलीकडे एक, मध्ये वीस पावलांचं अंतर आणि दोघींच्या खिडक्या बंद.

माझा वाटा लपवत नाही. ताईने मला हे सांगितलं तेव्हा मी म्हणालो, "नर्सा अशाच असतात. दवाखान्यात दिवसभर दुसऱ्यांच्या भानगडीच ऐकायच्या." का म्हणालो? बहिणीची बाजू घ्यायची म्हणून. त्या बाईने माझ्या आईच्या शेवटच्या आजारात दोन महिने रोज येऊन कूस बदलून दिली होती, आणि मी हे बोललो.

मग माझी पाळी आली. ताईला जवळच्या पाळणाघरात रोज तीन तासांचं काम मिळत होतं. तिने ते मला एकट्याला सांगितलं, स्वयंपाकघरात, चहा गाळताना. "तुझ्या भाऊजींना मी माझ्या वेळेने सांगेन. तू तोंड उघडू नकोस." मी उघडलं नाही. चार दिवसांनी जेवताना हा म्हणाला, "लोकांच्या पोरांची शी काढायची हौस आलीय म्हणे एकीला." ताईने मला फोनसुद्धा केला नाही. पुढच्या वेळी गेलो तेव्हा पाण्याचा पेला पुढे ठेवला आणि म्हणाली, "तूही त्यातलाच निघालास." पाळणाघराचं बारगळलं. आणि त्यानंतर ताई बोलायची थांबली. चिडून नव्हे. सावध होऊन. विचारलं तेवढं उत्तर. कढई करपली तर मुकाट घासायला टाकायची. माझी बहीण घरात आहे की नाही हे आवाजावरून ओळखता येईना, ही गोष्ट मला सहन होत नव्हती.

गेल्या महिन्यात, एका रविवारी, तिच्या स्वयंपाकघरात उभा होतो. नर्सबाई घर सोडून कायमची मुलीकडे जाणार असल्याचं मला वाण्याकडे कळलं होतं. गुरुवारी जाणार. ते सांगावं की नाही या विचारात मी फळीवरचा फोन उगाच उचलला. आणि हात थबकला.

आमच्या धंद्यात मोटर तपासताना तळहात लावत नाहीत. करंट उतरला असेल तर मूठ आवळली जाते आणि माणूस चिकटतो. हाताची मागची बाजू लावायची. ती चटका लवकर ओळखते आणि झटकन मागेही येते. चाळीस वर्षांच्या सवयीने मी फोनला हाताची मागची बाजू लावली, आणि तो गरम होता. गाणी बंद, चार्जर काढलेला, ताईने सकाळपासून हात लावलेला नाही. वर जाड रबरी कव्हर, तरीही गरम. बंद यंत्र गरम होत नाही. होत असेल तर आत कुठेतरी काम चाललंय.

"हा नेहमीच तापतो?" मी विचारलं.

"हो. दिवसातून तीनदा चार्ज करावा लागतो. यांना दाखवला. म्हणाले, बॅटरी तशीच आहे. मग हे कव्हर आणलं त्यांनी, हाताला लागू नये म्हणून."

म्हणजे घरात चोरी झाली म्हणून तक्रार द्यायला ही बाई चोराकडेच गेली होती, आणि चोराने तिला पडदा शिवून दिला होता. पण हे मला त्या क्षणी कळलं नव्हतं. मी फोनच्या स्क्रीनच्या वरच्या कोपऱ्यात बघत होतो. तिथे एक बारीक हिरवा ठिपका होता.

"आणि हा ठिपका?"

"तो चांगला असतो," ताई म्हणाली. "फोनची तब्येत ठीक असली की येतो. हेच म्हणाले."

मी हसलो नाही. माझ्या दुकानात शाळेतली मुलं फोन घेऊन बसलेली असतात, त्यांच्या गप्पांतून मला एवढं ठाऊक होतं की माईक किंवा कॅमेरा चालू असला की तो ठिपका पेटतो. मी सेटिंग उघडलं. शोधायला दहा मिनिटं लागली, पण सापडलं. एक पान असतं, त्यात दिवसभरात माईक कोणत्या अॅपने वापरला, कॅमेरा कोणी वापरला, किती वाजता, सगळं ओळीने दिलेलं. कॅमेरा दोनदा. त्याच्यासमोर बंद खिडकीच येत असणार, कारण हा ताईला दोनदा म्हणाला होता, फोन जरा आत वळवून ठेव, उजेडाने खराब होतो. आणि माईक? सकाळी सात, आठ, साडेनऊ, अकरा. दुपारी चारपासून सहापर्यंत सलग. वापरणाऱ्याचं नाव: 'हवामान'.

हवामान सांगायला माईक कशाला लागतो? पाऊस काय कानात सांगून पडतो?

मग मला दुसरी गोष्ट सुचली. मी खिशातून माझा फोन काढला. त्यातही 'हवामान'. दुकानात डाखकामाच्या आणि वार्निशच्या उकाड्यात फोन तापतो, असं मी वर्षभर समजत होतो. दुसऱ्याची मोटर तासाभरात ओळखणारा मी, माझ्याच छातीवर वर्षभर निखारा बाळगून होतो. दोन्ही फोन मिठाच्या बरणीला टेकवले, ताईचा हात धरला आणि तिला गच्चीवर नेलं. वाळत घातलेल्या चादरींच्या मध्ये उभं राहून सगळं सांगितलं.

तिने शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, "काहीतरीच. मोबाइलचं काहीतरी असेल. ते असं करणार नाहीत. चोमडे आहेत, पण..." आणि थांबली. मला तिच्या चेहऱ्यावर जे दिसलं ते सांगतो. तिला माझं पटायला हवं होतं आणि पटायला नकोही होतं. कारण पटलं तर नर्सबाई खरी ठरत होती.

"नर्सबाई गुरुवारी जातेय," मी म्हणालो. "कायमची."

ती चादरीचं टोक धरून उभी राहिली. "मग मला नक्की कळायला हवं. तुझं यंत्राचं नको सांगूस. मला माणसाचं कळायला हवं."

उपाय तिनेच काढला. मी नुसतं मम म्हटलं. बोलणं जर नर्सबाईकडून फुटत असेल किंवा माझ्याकडून, तर असं काहीतरी बोलायचं की जे ऐकायला ना नर्सबाई आहे ना मी. खोलीत फक्त ती आणि मिठाची बरणी.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, चार वाजता तो नेहमीप्रमाणे बागेत गेला. रोज चार ते सहा तो बागेतल्या बाकावर कानात वायर घालून बसतो. "बातम्या ऐकतो," म्हणतो. चालत वीस मिनिटांची वाट आहे. मी साडेचारला पायातल्या चपला हातात घेऊन आलो आणि बाहेरच्या खोलीत, त्या घड्याळाखालीच, गुपचूप बसलो. ताई आत गेली. बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मला वाटलं, हिने माघार घेतली. मग एकदा खाकरण्याचा आवाज आला. किती महिन्यांत ती मोकळ्या खोलीत बोलली नव्हती. आणि मग बोलणं आलं.

"बाई गं, काय हे घड्याळ! ठोके ऐकून डोकं उठतं. आज पाचला भंगारवाला येतोय, त्याला देऊनच टाकते. यांना म्हणेन, पडलं आणि फुटलं." मग कढईला म्हणाली, "काय गं? बरोबर ना?"

मी घड्याळाकडे बघत बसलो. चार बेचाळीस झाले होते. चार त्रेपन्नला जिन्यावर पावलं वाजली. गिरणीच्या फाटकावर एकतीस वर्षं दुसऱ्यांचा उशीर लिहिणारा माणूस आयुष्यात पहिल्यांदा धावत आला होता. शर्ट घामाने पाठीला चिकटलेला, कानातली वायर गळ्यात लोंबत होती. मला बघून दचकला. "तू कधी आलास?" उत्तराला थांबला नाही. स्टूल ओढलं, वर चढला आणि घड्याळ काढून छातीशी धरलं. काढताना आतला हातोडा हलला आणि एक अर्धवट ठोका पडला.

ताई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "अहो, घड्याळ का काढलंत?"

"पुसायला."

"पुसायचा दिवस काल होता."

"म्हटलं, नीट आत ठेवावं. कुणीतरी उचलून भंगारात देऊन टाकायचं."

"कोण देणार होतं?"

त्याने आधी ताईकडे बघितलं, मग माझ्याकडे. स्टुलावर उभा, पोटाशी घड्याळ. आपण स्वतःच अडकलो हे त्याला आतापर्यंत कळलंच नव्हतं. लोकांकडे काय चाललंय ते ऐकायला जन्म गेला, पण आपण आत्ता काय बोललो, हे ऐकायची सवय नव्हती.

"काळजीपोटीच केलं गं," तो म्हणाला. मला वाटलं होतं, निदान आधी नाकारेल. तेवढीसुद्धा हिंमत नव्हती. "दिवस कसले आलेत बघतेस ना. घरात तू एकटी. आणि तू तरी मला काही सांगतेस का? गाठ झाली, मला सांगितलंस? मग मला कसं कळायचं?"

मी बोलायला तोंड उघडणार होतो. ताईने हात वर करून मला गप्प केलं.

"गाठ तुम्हाला कधी कळली?"

तो एका पायाने खाली जमीन शोधू लागला.

"नर्सबाईला मी फोनवर सांगितलं त्याच दिवशी ना? मी रडत होते. तुम्ही ऐकत होतात. बाकावर बसून." तिचा आवाज चढला नाही. "रिपोर्ट यायला सतरा दिवस लागले. सतरा दिवस तुम्ही माझ्या शेजारी जेवलात. मीठ जास्त झालं म्हणालात. मला वाटायचं, यांना माहीत नाही ते बरं आहे. तुम्हाला माहीत होतं, आणि तुम्ही मला दवाखान्यात एकटीला जाऊ दिलंत."

"एकटी कुठे, नर्सबाई होती की बरोबर," तो म्हणाला.

हे तो खरोखर म्हणाला. मी तिथे होतो. खोटं वाटत असेल तर ताईला विचारा. माणूस किती खालच्या पातळीला जाऊ शकतो याचा माझा अंदाज त्या दिवशी चुकला. तो त्याहून खाली होता, आणि तिथेही आरामात बसलेला. बायको मरणाच्या भीतीने सतरा रात्री कूस बदलत होती, आणि याला त्यातलं कळलं ते फक्त एवढंच, की आपल्याला एक बातमी मिळाली आहे आणि ती चार माणसांत टाकायची आहे.

ताईने चपला घातल्या आणि जिना उतरून रस्ता ओलांडून गेली. मी मागून धावलो.

नर्सबाईचं दार उघडंच होतं. खोलीत खोकी, दोरी, वर्तमानपत्रात गुंडाळलेली भांडी. टेबलावर तिचं रक्तदाब मोजायचं जुनं यंत्र एवढंच बांधायचं राहिलं होतं. ताई दारात उभी राहिली. इतक्या महिन्यांनी बोलायला गेलेल्या माझ्या बोलक्या बहिणीला एक शब्द फुटेना. शेवटी मीच सगळं सांगितलं, फोन, ठिपका, घड्याळ. माझ्या वाटचं 'नर्सा अशाच असतात' हेही सांगून टाकलं.

नर्सबाईने ऐकलं आणि ती एका खोक्यावर बसली. "सात महिने मी आठवून बघतेय," ती म्हणाली. "कुठे बोलले असेन? भाजीवाल्याशी? मुलीशी? मग वाटलं, झोपेत बोलले असेन. मुलीला विचारलंसुद्धा, मी झोपेत बोलते का गं? तीस वर्षं पेशंटांचं राखलं, आणि हिचंच कसं नाही राखता आलं, असं वाटून मी स्वतःवरच..."

त्या माणसाने काय केलं ते मला तिथे कळलं. ऐकलं ते ऐकलं. पण एका खऱ्या बाईला त्याने स्वतःच्या तोंडावरचा विश्वास गमावायला लावला.

ताई रडायला लागली. नर्सबाई उठली, तिला खुर्चीत बसवलं आणि तिच्या दंडाला तो पट्टा गुंडाळला. "बोलू नकोस. आधी हात सैल सोड." फुगा दाबत राहिली, काट्याकडे बघत राहिली. "वरचं वाढलंय. या वयात अशी धावत येतेस? चहा टाकू?"

तीन दिवस मिळाले त्यांना. दोघींनी ते खोकी बांधण्यात आणि चहात घालवले. गुरुवारी गाडी आली आणि नर्सबाई गेली. सात महिन्यांचे चारचे चहा कुणी परत आणून देणार नव्हतं.

घरी त्याने ते 'हवामान' काढून टाकायला घेतलं होतं. ताईने फोन त्याच्या हातातून काढून घेतला. "राहू द्या. काढू नका. तुम्हाला काळजी वाटते ना?" फोन परत फळीवर, मिठाच्या बरणीला टेकवला, चार्जरची वायर लावून. माझ्या दुकानातून तिने एक साधा बटणांचा फोन नेला. त्यावर ती रात्रंदिवस नर्सबाईशी बोलते, आणि माझ्याशीही, जरा जास्तच. पाळणाघरात तिला पुन्हा विचारलं होतं. ती जायला लागली, आणि तीन तासांसाठी जाते ती सहा तासांनी येते. ते घड्याळ तिने बाहेरच्या खोलीतून काढून स्वयंपाकघरात लावलं, फोनच्या बरोबर वर. रविवारी किल्ली आता ताई देते, न चुकता, शेवटच्या वेढ्यापर्यंत.

परवा एक पंप पोचवून बागेवरून येत होतो. तो बाकावर बसला होता, कानात वायर. मी थांबलो, "काय भाऊजी, बरं आहे ना?" म्हटलं. नात्याने म्हणावं लागतं.

"बरं आहे. बातम्या ऐकतोय."

ताई तेव्हा पाळणाघरात होती. घराला कुलूप होतं, स्वयंपाकघरात माणूस नव्हतं. मी माझं मनगट पाहिलं, घड्याळ दुकानातच विसरलो होतो. बागेत घड्याळ नाही. त्याच्याही हातात नव्हतं, निवृत्त झाल्यापासून तो घालत नाही.

"किती वाजले असतील?" मी विचारलं.

त्याने बोट वर करून मला थांबवलं, मान जराशी वाकडी केली आणि मोजत राहिला. "पाच," म्हणाला.